उंदरांच्या नावावर

कापसाच्या खोलीला रात्री कान लावला की पाऊस ऐकू येतो. बारीक, एकसारखा, कुटाराच्या ढिगावर पडावा तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला खरंच वाटलं अवकाळी आला, आणि अंगणात वाळत घातलेली तूर उचलायला मी उघड्या अंगानं धावलो. बाहेर टिपूर चांदणं, डिसेंबरची थंडी, ढगाचा पत्ता नाही. सपरीतल्या खाटेवरून माय गोधडीच्या आतूनच म्हणाली, "पानी नाई तो. उंदरं सरकी फोडून राह्यले."

हे 2022 सालचं. त्या वर्षी आमच्याकडं, म्हणजे वर्धा जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत, कापूस विकायचा नाही असं जणू ठरलंच होतं. कुणी बैठक घेतली नव्हती, पण ठरलं होतं. कारण आदल्या हंगामात क्विंटलला 10 हजारांच्या वर भाव गेला होता. ज्यांनी दिवाळीत विकला ते हळहळत बसले, ज्यांनी उन्हाळ्यापर्यंत धरून ठेवला त्यांच्या दारात नवी मोटारसायकल आली. एवढं डोळ्यांनी पाहिल्यावर पुढच्या नोव्हेंबरात घरासमोर गाडी लावून कुणी साडेआठ हजार म्हणाला, तर त्याला चहा पाजून वाटेला लावायचं, इतकंच काम उरतं. आम्हीही पाजला. हमीभाव 6,380 होता, बाजार त्याच्या वरच होता, तेव्हा सरकारी केंद्राकडं जायचा प्रश्नच नव्हता. प्रश्न फक्त थांबायचा होता.

आमचं घर अर्धं जुनं, अर्धं नवं. मागची बाजू मातीच्या दीड हात रुंद भिंतींची, वर कवेलू. पुढच्या दोन खोल्या बाबा असताना बांधलेल्या, सिमेंटच्या. त्यातली उजवीकडची बैठकीसाठी काढली होती. तिथं बैठक कधी झाली नाही. दिवाळीपासून तिथं कापूस बसतो आणि आम्ही सपरीत. शेतात सीतादही झाली, दहीभाताचा मान देऊन पहिली वेचणी झाली, की गाठोडी यायला लागतात, आणि महिन्या-दीड महिन्यात ती खोली जमिनीपासून छतापर्यंत पांढरी होते. त्या वर्षी 28 क्विंटल भरला. दार आतून दाबलं जातं म्हणून बाहेरून बल्ली लावावी लागली. मधल्या भिंतीतली खिडकी पुठ्ठ्यानं बंद केली. बाबांचा हार घातलेला फोटो त्याच खोलीत होता, तो काढायचा राहून गेला. सहा महिने तो कापसाच्या मागं होता.

उंदीर आमच्या घरात नवे नव्हते. पण असायचे ते पाहुण्यासारखे, मागच्या बाजूला, कणगीच्या आसपास. रात्री एखादं भांडं पडायचं, माय "हड" म्हणायची, संपलं. त्या हिवाळ्यात त्यांनी पुढचं दार गाठलं. आणि त्यांचं तरी काय चुकलं? थंडीत 28 क्विंटलची गादी, आणि गादीच्या प्रत्येक बोटभर जाडीत खायला तेलकट सरकी. असं घर मला कुणी दिलं असतं तर मीही भाडं विचारलं नसतं.

आधी आवाज आला. मग देवाच्या ताटलीत लेंड्या दिसल्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या, म्हणजे साधा उंदीर. घूस असती तर बोटाच्या पेराएवढ्या असत्या. मग लेकीच्या वहीचे कोपरे गेले. मग एक दिवस मी पीककर्जाच्या कामासाठी पत्र्याची पेटी उघडली. तिचं झाकण एका बाजूनं वाकलेलं, बोटभर फट. आत सातबाऱ्याच्या उताऱ्याचा वरचा डावा कोपरा कुरतडलेला. गट क्रमांक शाबूत, बाबांचं नाव शाबूत, गावाचं नाव गेलेलं. शेजारच्या काकाजींना दाखवला तर ते म्हणाले, "वारस नोंद करून घ्या आता. त्याचा बी हिस्सा निंगते."

उंदराला कुरतडावंच लागतं, हे मला आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी सांगितलं. मी तिथं लिपिक आहे. मधल्या सुट्टीत माझ्या उंदरांचा विषय निघाला की सगळा स्टाफ तज्ज्ञ होतो. सर म्हणाले, त्याचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. घासले नाहीत तर जबडा मिटणार नाही. म्हणजे लाकूड, वायर, साबण, सातबारा हे त्याला भूक म्हणून नको असतं, धार म्हणून हवं असतं. दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती जास्त भयंकर होती. मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा ते आठ पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला मोकळी. भाव वाढायची वाट बघत आम्ही जितके महिने बसणार, तितक्यात आतमध्ये नातवंडं-पतवंडं.

सुरुवात पिंजऱ्यापासून केली. आमच्याकडं बाबांच्या वेळचा लाकडी पिंजरा होता, पुढं जाळी, मागं आकडा, आकड्याला भाकरीचा तुकडा. मी तो खोलीच्या दारासमोर बरोब्बर मधोमध ठेवला. तीन रात्री काही नाही. चौथ्या दिवशी मायनं तो उचलून भिंतीला चिकटवून ठेवला. "तो का मधातून जाते? तो भितीभितीनं जाते, चोरच हाय नं." खरंच, उंदीर मिशांनी भिंत चाचपत चालतो. नीट पाहिलं तर त्याच्या रोजच्या रस्त्याला चुन्यावर तेलकट काळा पट्टा पडलेला असतो. आमिषातही मायनं बदल केला. कोरडी भाकर काढली आणि रात्रीचं उरलेलं कांद्याचं भजं अडकवलं. पहाटे खटका वाजला.

आता पकडलेल्याचं करायचं काय? बाबा पिंजरा सरळ पाण्याच्या टाक्यात बुडवायचे आणि पाठ फिरवून उभे राहायचे. मी एकदा तसं करायला गेलो, तर आठ वर्षांची लेक पिंजऱ्यासमोर उकिडवी बसून त्याच्याशी बोलत होती. तिला टोपीवाल्या उंदराची गोष्ट पाठ आहे. "राजा भिकारी, माझी टोपी घेतली" म्हणणारा उंदीर टाक्यात बुडवायचा धीर मला झाला नाही. मग मी रोज शाळेत जाताना पिंजरा हँडलला अडकवून नाल्यापलीकडं सोडायला लागलो. मनात जरा सेवाग्रामही होतं. आम्हा वर्ध्याच्या पोरांची सहल हमखास तिथंच जाते, आणि बापूंच्या कुटीपेक्षा आमच्या लक्षात राहतो तो साप धरायचा लाकडी चिमटा आणि सापाची पेटी. 1936 साली गांधीजी तिथं राहायला आले तेव्हा ते सगळं रानच होतं. साप निघायचे, त्यांना मारायचं नाही, धरून दूर नेऊन सोडायचं. सापाला जर एवढी सवलत, तर उंदराला का नको?

दहा-बारा दिवसांत मी सतरा उंदीर नाल्यापलीकडं पोहोचवले. आतला पाऊस काही कमी होईना. तेव्हा लेकीनं विचारलं, "बाबा, तेच परत येत असले तर?" पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला लाल पेंट डब्यात तळाशी उरला होता. अठराव्या उंदराची शेपटी जाळीतून बाहेर आली होती, तिला आम्ही जुन्या ब्रशनं रंग लावला. त्यानं एवढा थयथयाट केला की माझ्या पायजम्यावरही पोळा साजरा झाला. मग नेऊन सोडला.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे काकाजी आमच्या दारात हजर. हातात त्यांचा पिंजरा. "तुमचा हाय वाट्टे," ते म्हणाले. आत लाल शेपटी. मी काही बोलायच्या आत काकाजींनी अजून एक गोष्ट कबूल केली. ते त्यांचे उंदीर गेले महिनाभर आमच्या मागच्या वाडीत, कुटाराच्या ढिगामागं सोडत होते. आणि नाल्यापलीकडं मी जिथं सोडत होतो ती जागा त्यांच्या धुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तिथं त्यांनी हरभऱ्याचं कुटार रचून ठेवलं होतं आणि रोज बैलगाडीनं थोडं थोडं घरी आणत होते. म्हणजे माझे उंदीर गाडीत बसून गावात येत होते. आम्ही दोघं बराच वेळ त्या लाल शेपटीकडं बघत उभे राहिलो. शेवटी तो उंदीर कुणाच्या नावावर, यावर तोडगा म्हणून काकाजींनी त्यांच्याकडची मांजर आम्हाला दिली.

मांजरीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिच्याबद्दल घरात मतभेद आहेत. बायको म्हणते तिनं पुष्कळ उंदीर मारले. मी म्हणतो तिनं चार मारले आणि ते चारही माझ्या उशाशी आणून ठेवले. बाकी तिचा बराचसा वेळ पुठ्ठा सरकवून कापसाच्या ढिगावर झोपण्यात गेला, आणि फेब्रुवारीत तिथंच तिला तीन पिल्लं झाली. एकाच गंजीत वर मांजरीचं बाळंतपण, खाली उंदरांची. उंदराला मांजर साक्ष म्हणतात तो काय प्रकार असतो ते त्या दिवसांत कळलं. मायनं तर बाळंतिणीला तूप-भात चालू केला.

बाकीचे उपाय केले ते केले. प्लगमध्ये लावायचं, उंदरांना सहन न होणारा आवाज काढणारं यंत्र मागवलं. दोन आठवड्यांनी त्याच बोर्डाच्या मागं चिंध्यांचं घरटं निघालं. डांबरगोळ्या ठेवल्या, त्यानं आमचीच डोकी दुखली. चिकट पुठ्ठा एकदाच आणला. त्यावर रात्री एक पिल्लू अडकलं आणि पहाटेपर्यंत ओरडत राहिलं. मी गोडंतेल सोडून सोडून त्याचा एकेक पाय सोडवला. ते जगलं की नाही माहीत नाही. पुठ्ठा पुन्हा घरात आला नाही. त्याच पुठ्ठ्यावर दुसऱ्या कोपऱ्यात एक चिचुंद्री चिकटून मेली होती, आणि माय त्याबद्दल माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. चिचुंद्री उंदराच्या जातीची नाहीच. ती किडे, झुरळं खाते. माझ्या लहानपणी मायनं चुलीमागं एक आगगाडी दाखवली होती: पुढं चिचुंद्री, तिची शेपटीकडची बाजू तोंडात धरून एक पिल्लू, त्याला धरून दुसरं, असे पाच डबे. वास तेवढा वाईट. पण तिच्या वाटेला जायचं नाही, असा आमच्या घरचा कायदा.

घरचा दुसराही एक कायदा होता. तो मी मोडला.

जानेवारीच्या शेवटी शाळा सुटल्यावर तालुक्याच्या गावच्या कृषी केंद्रात गेलो. बियाणं, खत आम्ही तिथूनच नेतो, पण त्या दिवशी काउंटरवर मालकाचा मोठा मुलगा होता, तो मला ओळखत नव्हता. म्हटलं, उंदराचं औषध द्या. तो फळीकडं वळला नाही. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं, नीट, चेहऱ्याकडं.

"कोनासाठी?"

"उंदरासाठीच," मी हसलो.

तो हसला नाही. "घरी सगळं बरं हाय नं, भाऊ?"

"हाय."

"इचारा लागते. राग नोका मानू."

मग कुठं राहता, शेती किती, कापूस विकला का, असं इकडचं तिकडचं विचारत त्यानं पाच मिनिटं लावली आणि पुडा दिला. त्या पाच मिनिटांत तो माझी उलटतपासणी करत होता हे मला रस्त्यावर आल्यावर कळलं.

आमच्याकडं औषध म्हणजे फवारायचं ते. डॉक्टर देतो त्या गोळ्या किंवा दवाई. पारावर बसलेलं असताना कुणी येऊन "अमक्यानं औषध घेतलं" म्हणालं, तर कोणता आजार झाला होता असं कुणी विचारत नाही. सगळे उठून चपला घालतात. 2006 च्या पावसाळ्याच्या सुरुवातीला देशाचे पंतप्रधान आमच्या जिल्ह्यात वायफडला आले होते, बायाबापड्यांची दुःखं ऐकून गेले. सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्याच पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका घरचा मोठा मुलगा गेला. मायनं त्याला लहानपणी कडेवर खेळवलेलं. ती त्या घरून परत आली, आमच्या न्हाणीच्या वरच्या फळीवरची फवारणीची होती नव्हती तेवढी डबडी पोत्यात भरली, शेतातल्या खोपडीत नेऊन टाकली आणि कुलूप घातलं. बाबा काही बोलले नाहीत. किल्ली तेव्हापासून मायच्या कमरेच्या बटव्यात आहे. फवारणीच्या दिवशी ती स्वतः शेतात येते, कुलूप काढते, काम होईपर्यंत धुऱ्यावर बसते, मोजून परत ठेवते. घरात औषध आणायचं नाही. उंदराचं नाही, ढेकणाचं नाही, कशाचं नाही.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण सातबारा खाल्ला गेल्यापासून मी जरा पेटलो होतो.

मी गाडी लावली आणि पिशवी आत नेतो तोच मायनं विचारलं, काय आनलं? मी सांगितलं. ती चुलीपुढं भाकर थापत होती. हात तसेच पिठाचे ठेवून म्हणाली, "वापस देऊन ये."

"उद्या देतो, माय. रात झाली."

"आत्ता."

नऊ किलोमीटर गेलो. दुकान बंद होत होतं. पुडा काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, आई नको म्हणते. त्या मुलानं एक शब्द न विचारता पूर्ण पैसे परत दिले. कृषी केंद्रातून विकलेला माल परत घेतलेला मी आयुष्यात तेवढा एकदाच पाहिला. वर तो म्हणाला, "बरं केलं."

घरी आलो तेव्हा सगळे जेवायचे थांबले होते. जेवताना माय आपणहून बोलायला लागली, पण त्या विषयावर नाही. तिच्या आजीची गोष्ट. प्लेगच्या सालांतली. तेव्हा म्हणे घरात उंदीर मारायची गरज नसायची. तो स्वतःच आढ्यावरून पडायचा, जमिनीवर गरगर फिरायचा आणि मरायचा. "उंदीर पडला" एवढं कुणी ओरडलं की माणसं भाकरी तव्यावर सोडून उठायची, पोरंसोरं, गाईढोरं घेऊन गावाबाहेर रानात झोपड्या घालायची. महिना महिना गाव ओस. तिच्या आजीला उंदरांची भीती वाटायची ती मेलेल्या, जिवंत नाही. "पऊन राह्यला म्हनजे बरा हाय," माय म्हणाली, "पडला म्हनजे पाहाचं." लेक विचारत होती, आता प्लेग येतो का? मी नाही म्हटलं. तरी 2018 साली नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसनं माणसं गेली होती, आणि त्याचे बारीक माइट गवतातून, उंदरांच्या अंगावरून येतात हे आशाताई तेव्हा घरोघर सांगत फिरल्या होत्या, ते मला आठवलं. ते मात्र बोललो नाही.

मार्च आला. भाव साडेसात-आठच्या मध्ये अडकलेला. गावात ज्याच्या त्याच्या घरी पांढऱ्या खोल्या, आणि आता अंगाला खाज. जुन्या कापसात बारीक किडे होतात. सपरीत झोपलेली माणसं रात्रभर अंग खाजवत मोबाईलवर बाजारभाव बघायची. "होळीनंतर चढते" असं सगळेच एकमेकांना सांगत होते. होळीनंतर पाडव्याला चढतो असं ठरलं. पाडव्यानंतर अक्षय तृतीया.

एप्रिलमध्ये बायकोला खोलीच्या दाराशी, फटीत अडकलेली सापाची कात मिळाली. हातभर तुकडा, बाकीची आत ओढलेली. उंदरामागं साप येणार हे उघडच होतं. आयत्या बिळात नागोबा ही म्हण शाळेत शिकताना मला तो नागोबा आळशी वाटायचा. खोलीभर कापसात तो नेमका कुठं असेल याचा विचार करताना तसं काही वाटलं नाही. सर्पमित्र पोरगा आला, कात हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाला, धामण असावी, बिनविषारी, उंदीर खाऊन तुमचंच काम करून राह्यली. मग जरा थांबून, "पण तुकडाच हाय, खात्री देत नाई." खात्री देत नाई या तीन शब्दांनी आमच्या घरातली सत्ता बदलली. तोपर्यंत थांबू म्हणणारी बायको आता विकून टाका म्हणायला लागली. लेकीला खोलीकडं जायची बंदी झाली. मांजर पिल्लं उचलून कधीच काकाजींकडं परत गेली होती.

मेच्या शेवटच्या आठवड्यात विकला. 7,100 नं.

गाडी भरायला आलेल्या माणसांनी आधी सापाचं ऐकून नाही म्हटलं, मग दोनशे रुपये जास्तीचे घेऊन हो म्हटलं. सगळे पायात बूट घालून, हातात काठ्या घेऊन. वरून एकेक थर काढत दुपारी खाली पोहोचलो. साप निघाला नाही. उंदीर निघाले, पण मला वाटले होते तितके नाहीत. तीस-चाळीस असतील, भिंतीकडंनं सैरावैरा पळाले. आणि घरटी निघाली. कोपऱ्याकोपऱ्यांत, वाटीएवढी. हात लावला तर नुसती रुई. सरकीचा एक दाणा नाही, टरफल नाही, बोंडाची काडी नाही. हाताळायला इतकी मऊ की गाडीवाला दोन बोटांत धरून म्हणाला, "जिनिंगवालेही असा काढत नाई, भाऊ." कापसाच्या मागून बाबांचा फोटो निघाला. काच शाबूत होती. हार तेवढा गेला होता, दोऱ्यासकट.

काट्यावर 28 क्विंटलचा साडेसव्वीस भरला. मायनं कपाळाला हात लावला. "दीड क्विंटल खाल्ला मेल्यांनं."

रात्री मी शाळेतून आणलेल्या कोऱ्या कागदावर हिशेब मांडला. नोव्हेंबरात साडेआठ हजारांनं 28 क्विंटल म्हणजे 2 लाख 38 हजार. आता 7,100 नं साडेसव्वीस म्हणजे 1 लाख 88 हजार 150. फरक 49 हजार 850. यात उंदरांचं किती, ते मला पाहायचं होतं. सरांनी सांगितलं होतं, घरातला छोटा उंदीर दिवसाला 3 ग्रॅमच्या आसपास खातो. पन्नास उंदीर धरले. सहा महिने, 180 दिवस. झाले 27 किलो. आजच्या भावानं 1,917 रुपये. पुन्हा वाटलं, खाल्लं त्यापेक्षा नासवलं जास्त असेल. तिप्पट धरलं. तरी पावणेसहा हजार. वजनातली बाकीची तूट वाळण्याची. दिवाळीतला ओला कापूस मेपर्यंत सुकतोच, म्हणून तर खरेदीच्या वेळी ओलाव्याचं यंत्र खुपसतात आणि 8 टक्क्यांच्या वर गेलं की भाव कापतात. सुकला तेव्हा मात्र कुणी भाव वाढवून देत नाही.

कागद मी मायला वाचून दाखवला. 49 हजार 850 मधून 5 हजार 751 वजा. ती ऐकत होती. मग तिनं विचारलं, "बाकीचे कोनाच्या नावावर टाकतं?"

मी कागद घडी करून पेटीत ठेवला. सातबाऱ्याशेजारी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीची धांदल सुरू व्हायच्या आत, खोली रिकामी असतानाच भोकं बुजवली. जो उपाय डिसेंबरात करायला हवा होता तो. बिळं शोधायला लेकीला घेतलं, तिची नजर खाली असते. पेन्सिल जाईल तेवढ्या फटीतून उंदीर जातो. डोकं गेलं की बाकीचा मागोमाग जातो. अशी तेवीस भोकं निघाली. नुसत्या सिमेंटनं भागत नाही, ओलं असतानाच कोरतो. म्हणून प्रत्येक भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबली आणि वरून काचेचे बारीक तुकडे घातलेलं सिमेंट. दाराच्या खाली पत्र्याची पट्टी ठोकली. मागच्या भिंतीतलं मोठं बीळ घुशीचं होतं, ते थेट जुन्या पेवापर्यंत गेलेलं. आजोबा ज्वारी त्या पेवात ठेवायचे. बाबांनी ते बुजवलं असं आम्ही समजत होतो. आत कंदिलाएवढी मोकळी जागा, आणि तीत वाळलेले दोन गव्हाचे लोंबे, कुणी नेऊन ठेवलेले. मुरूम टाकून तेही भरलं. गव्हासाठी पत्र्याची मोठी कोठी आणली. कुटाराचा ढीग भिंतीपासून वीस पावलं लांब हलवला. या सगळ्याला खर्च आला कोठी धरून साडेसहा हजार. एकाही उंदराला हात लावावा लागला नाही. ते काकाजींकडं गेले. काकाजी बोलले नाहीत, पण त्यांनी मांजर परत मागितली नव्हती तरी ती त्यांच्याकडंच आहे, तेव्हा हिशेब बरोबर आहे असं मी समजतो.

त्या वर्षी अधिक श्रावण आला म्हणून पोळा सप्टेंबरात गेला. बैल एकच जोडी उरली आहे, तिची शिंगं रंगवली. लाल पेंटचा डबा उघडताना लेकीनं माझ्याकडं बघितलं, मी बघितलं नाही. संध्याकाळी दारात पळसाचे मेढे लावले. दुसऱ्या दिवशी कर. पहाटे अंधारातच ते मेढे उपटून घेऊन सगळी गल्ली गावाच्या शिवेकडं निघते, घरातली घाण, रोग, पीडा सगळं मारबतीच्या हवाली करत. माय पुढं होती. तिचा आवाज अजून खणखणीत आहे.

"इडा पिडा, रोगराई घेऊन जाय गे मारबत! खोकला खासी घेऊन जाय गे मारबत! ढेकूण मच्छर घेऊन जाय गे मारबत!"

मी मागून म्हटलं, "माय, उंदरं राह्यले."

ती चालता चालता वळली. "चार दिवसांनं गनपती येऊन राह्यला नं घरी," ती म्हणाली. "त्याचं वाहन हाकलून देऊ, तर तो का पायी येईन?"